पोर्ट एलन : बंद डिस्टिलरीची व्हिस्की

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे आयला बेट आहे आणि त्याच्या दक्षिण टोकाला पोर्ट एलन हे बंदराचे गाव. त्याच नावाची डिस्टिलरी तिथे 1825 पासून होती. मे 1983 मध्ये ती बंद झाली. पुढे यंत्रसामग्री हलली, इमारतींचा मोठा भाग पाडला गेला. पण डिस्टिलरी बंद पडली म्हणून तिची व्हिस्की लगेच संपत नाही. शेवटच्या दिवसापर्यंत गाळलेला माल ओकच्या पिंपांत भरून गोदामात मुरत पडलेला असतो. कारखान्याला कुलूप लागल्यावरही वीस, तीस, चाळीस वर्षे ही पिंपे एकेक करून उघडली जातात आणि दर पिंपागणिक साठा आटत जातो. अशी व्हिस्की मिळवून चाखणे हा गेल्या तीसेक वर्षांत एक महागडा आणि थोडासा भाबडा छंद होऊन बसला आहे. पोर्ट एलन हे त्यातले सर्वांत गाजलेले नाव.

सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, केवळ मोड आणलेल्या जवापासून, तांब्याच्या पॉट स्टिलमध्ये गाळलेली व्हिस्की. बाटलीत अनेक पिंपांचा माल एकत्र केलेला चालतो, पण ती पिंपे एकाच डिस्टिलरीची हवीत. भारतात व्हिस्की म्हणून खपणाऱ्या मालाचा मोठा हिस्सा मळीपासून किंवा धान्यापासून काढलेल्या, जवळजवळ निर्गंध होईपर्यंत शुद्ध केलेल्या मद्यार्कावर आधारलेला असतो. तो कुठल्या कारखान्यात तयार झाला याला चवीच्या दृष्टीने फारसा अर्थ उरत नाही. सिंगल माल्टमध्ये सगळी मदार त्या जागेवर असते, आणि म्हणूनच ती जागा बंद पडली की काहीतरी कायमचे गेले असे शौकिनांना वाटते.

तसे पाहिले तर कृती सगळीकडे एकच. जव भिजवून मोड आणायचे, वाळवायचे, भरडून गरम पाण्यात त्यातली साखर उतरवून घ्यायची, यीस्ट घालून आंबवायचे आणि तो आंबलेला रस तांब्याच्या पात्रांतून बहुधा दोनदा गाळायचा. तरीही शेजारशेजारच्या दोन डिस्टिलऱ्यांचा माल सारखा उतरत नाही. पात्राच्या मानेची उंची आणि कल, आंबवण्याचे तास, वाफ थंड करण्याची पद्धत, गाळताना सुरुवातीचा आणि शेवटचा भाग वगळून मधला कुठे तोडून घ्यायचा याचा रिवाज, अशा बारीकसारीक गोष्टींतून चव ठरते. आयला बेटावर त्यात धुराची भर पडते. तिथे झाडे कमी आणि पीट मुबलक. दलदलीत हजारो वर्षे कुजत, दबत गेलेल्या शेवाळाचा आणि झुडपांचा थर म्हणजे पीट. तो विटांसारखा कापून, सुकवून जाळतात. मोड आलेले जव या धुरावर वाळवले की धुरातले फिनॉल गटातले पदार्थ दाण्याच्या सालीला धरतात आणि पुढच्या सगळ्या दिव्यांतून काही प्रमाणात तगून राहतात. डांबर, टिंक्चर आयोडीन, राख हे वास त्यांचे. व्हिस्कीचा धूर पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग अशा मापात, सांगण्याची पद्धत आहे, पण तो आकडा सहसा वाळवलेल्या जवाचा असतो. गाळताना त्यातले बरेचसे गळते आणि जुन्या पिंपात उरलेलेही ओसरत जाते.

पोर्ट एलन गाव 1821 मध्ये बेटाचा जमीनदार वॉल्टर फ्रेडरिक कॅम्पबेल याने वसवले आणि आपल्या पत्नीचे नाव त्याला दिले. डिस्टिलरी सुरू केली अलेक्झांडर मॅके याने, पण तिला खरे रूप आणले ते 1830 च्या दशकात ती हाती घेणाऱ्या जॉन रॅम्झी याने. रॅम्झी हा नुसता मद्य गाळणारा नव्हता. अमेरिकेशी थेट व्यापार करणारा, बेटावर मोठी जमीन बाळगणारा आणि पुढे ब्रिटिश संसदेत बसलेला असा तो कर्ता माणूस. 1892 मध्ये तो वारला. 1920 च्या दशकात डिस्टिलरी डिस्टिलर्स कंपनी लिमिटेड, म्हणजे डीसीएल, या बलाढ्य समूहाकडे गेली आणि 1930 च्या सुमारास बंद पडली. हे बंद पडणे थोडेथोडके नव्हते. मागणी वाढली म्हणून 1967 मध्ये चार स्टिल बसवून ती पुन्हा सुरू झाली, तोवर साडेतीन दशके उलटली होती.

या तारखा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पोर्ट एलनच्या नावामागे दीडशे वर्षांची परंपरा लावली जाते, पण आज जगात जी जुनी पोर्ट एलन म्हणून चाखली जाते ती जवळपास सगळी 1967 ते 1983 या सोळा वर्षांतली, आणि त्यातलीही बहुतेक शेवटच्या पाचसहा वर्षांतली. रॅम्झीच्या काळातली व्हिस्की कशी लागत होती हे सांगू शकेल असा थेंब आज कोणाच्या ग्लासात नाही.

बंद पडण्याचे कारण चवीत नव्हते, ते हिशेबाच्या वहीत होते. व्हिस्कीच्या धंद्याची मूळ अडचण अशी की आज गाळलेला माल आठदहा वर्षांनी विकायचा असतो. 1960 च्या दशकात खप वाढत होता, तो तसाच वाढत राहील असे धरून कंपन्यांनी भरमसाट माल गाळला. मग 1970 च्या दशकात तेलाचे संकट आले, मंदी आली, ब्रिटन-अमेरिकेतली तरुण मंडळी व्होडका आणि वाइनकडे वळली. गोदामे तुडुंब भरली. 1983 मध्ये डीसीएलने आपल्या अकरा माल्ट डिस्टिलऱ्या एका फटक्यात बंद केल्या. आयला बेटावर समूहाच्या तीन होत्या : लागाव्हूलिन, कूल ईला आणि पोर्ट एलन. तिघींचे काम एकच, जॉनी वॉकर किंवा व्हाइट हॉर्स यांसारख्या ब्लेंडना, म्हणजे मिश्र व्हिस्कींना, धुरकट माल्ट पुरवणे. कूल ईला 1970 च्या दशकातच नव्याने आणि मोठी बांधली गेली होती. दोघींत भागत असताना तिसरी कशाला, असा तो सरळ विचार. पोर्ट एलनची व्हिस्की सिंगल माल्ट म्हणून पिणारे तेव्हा इतके कमी होते की हळहळ वाटली ती मुख्यतः रोजगार गेलेल्या गावाला. त्यातही थोडा आधार राहिला. डिस्टिलरीला लागून 1973 मध्ये उभारलेला माल्टिंगचा कारखाना, जिथे प्रचंड पिंपासारख्या फिरत्या ड्रममध्ये जवाला मोड आणून पीटच्या धुरावर वाळवतात, तो चालूच राहिला. बेटावरच्या इतर डिस्टिलऱ्यांनी त्याच्याकडून माल्ट घ्यावे असा करार 1987 मध्ये झाला. पोर्ट एलनचा धूर असा शेजारणींच्या व्हिस्कीत शिरत राहिला.

पोर्ट एलन थांबली त्याच वर्षी, 1983 मध्ये, स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरची ब्रोरा डिस्टिलरीही बंद झाली. ही 1819 ची, आणि तिचे मूळ नाव क्लायनलिश. शेजारीच त्या नावाची नवी डिस्टिलरी उभी राहिल्यावर 1969 मध्ये जुनीला गावाचे नाव मिळाले. आयलाच्या धुरकट मालाचा तुटवडा पडेल म्हणून 1969 ते 1973 या काळात ब्रोरात मुद्दाम जास्त पीटचा माल गाळला गेला, आणि आज शौकीन ज्या ब्रोरासाठी जीव टाकतात ती हीच, तात्पुरत्या गरजेपोटी झालेली. एडिंबरा आणि ग्लासगोच्या मधल्या फॉल्करक गावाजवळची, कालव्याकाठची रोझबँक 1993 मध्ये बंद झाली. ती तीनदा गाळलेल्या, फुलांच्या वासाच्या हलक्या मालासाठी ओळखली जाई. तिची तर तांब्याची स्टिलच 2008 च्या अखेरीस चोरीला गेली. भंगारात तांब्याला भाव होता, दुसरे काय!

बंद पडल्यानंतर पोर्ट एलनच्या पिंपांचे काय झाले यातच तिच्या कीर्तीचे मूळ आहे. बरीचशी पिंपे ठरल्याप्रमाणे ब्लेंडमध्ये ओतली गेली. काही दलालांमार्फत आणि अदलाबदलीत स्वतंत्र बाटलीवाल्यांकडे पोचली होती. एल्गिनचे गॉर्डन अँड मॅकफेल, सिग्नेटरी, डग्लस लेंग अशा या कंपन्या दुसऱ्याच्या डिस्टिलरीचे पिंप विकत घेतात, आपल्या गोदामात मुरवतात आणि आपल्या लेबलाखाली विकतात. 1980 आणि 1990 च्या दशकांत पोर्ट एलनची ओळख शौकिनांना झाली ती मुख्यतः यांच्यामुळे. 1995 पासून मूळ मालकांनी 'रेअर माल्ट्स' या मालिकेत बंद डिस्टिलऱ्यांचा माल पाणी न घालता बाटल्यांत भरायला सुरुवात केली. 2001 मध्ये डीसीएलची वारस असलेल्या डियाजिओ कंपनीने पोर्ट एलनची स्वतंत्र वार्षिक आवृत्ती काढली : 1979 सालची, 22 वर्षे मुरलेली, मद्यार्क 56.2 टक्के, बाटल्या 6,000. ही मालिका 2017 पर्यंत चालली. सतराव्या आणि शेवटच्या आवृत्तीतली व्हिस्कीही 1979 चीच होती, पण तोवर तिचे वय 37 झाले होते, जोर 51 टक्क्यांवर आला होता आणि बाटल्या 3,000 च्याही आत होत्या.

ही व्हिस्की ब्लेंडसाठी गाळलेली असल्यामुळे तिला उत्तम, नवी पिंपे देण्याची कोणाला गरज वाटली नाही. बहुतेक माल आधी दोनतीनदा वापरून झालेल्या पिंपांत गेला. अशा पिंपाच्या लाकडात द्यायला फारसे काही उरलेले नसते. नव्या ओकमधून व्हॅनिलाचा वास, नारळासारखी गोडी आणि तुरट टॅनिन भराभर उतरते, आणि शेरीच्या ताज्या पिंपात तीस वर्षे ठेवलेला माल कधीकधी नुसता लाकडाचा काढा होतो. थकलेल्या पिंपात उलट घडते. लाकूड गप्प राहते आणि डिस्टिलरीचा मूळ स्वभाव शाबूत राहून हळूहळू उमलतो. थोडक्यात, पोर्ट एलनची थोरवी बऱ्याच अंशी तिच्या मालकांच्या बेफिकिरीतून आलेली आहे. जाहिरातीत हे कोणी लिहीत नाही.

पिंपात मुरताना तीन गोष्टी एकाच वेळी चालतात. पिंपाच्या आतल्या बाजूचा जळका थर नव्या मद्यार्कातला गंधकाचा उग्रपणा शोषून घेतो. लाकडातले पदार्थ द्रवात उतरतात. आणि लाकडातून झिरपणाऱ्या हवेमुळे आम्ले आणि अल्कोहोल यांच्या संयोगातून एस्टर तयार होतात, ज्यांना फळांचा वास असतो. त्याच काळात धुराचे फिनॉल कमी होत जातात. म्हणून आठ वर्षांची आयला व्हिस्की धुराने नाक भरून टाकते, तर तीस वर्षांचीत धूर मागे सरकून फळे पुढे आलेली असतात. शिवाय दरवर्षी पिंपातला सुमारे 2 टक्के द्रव उडून जातो. देवदूतांचा वाटा, असे स्कॉटलंडमध्ये त्याला म्हणतात. या हिशेबाने 22 वर्षांत साधारण 64 टक्के उरते आणि 37 वर्षांत निम्म्याहून कमी. 250 लिटरच्या पिंपात 37 वर्षांनी 118 लिटरच्या आसपास, म्हणजे 70 सेंटिलिटरच्या जेमतेम 170 बाटल्या. स्कॉटलंडच्या दमट हवेत मद्यार्क पाण्यापेक्षा वेगाने उडतो, त्यामुळे जोरही घसरत राहतो. तो 40 टक्क्यांखाली गेला की कायद्याने त्या द्रवाला स्कॉच व्हिस्की म्हणता येत नाही, मग चव कितीही सुंदर असो. बंद डिस्टिलरीच्या शेवटच्या पिंपांवर म्हणूनच डोळ्यांत तेल घालून नजर ठेवावी लागते.

गोव्याशी तुलना केली की थंड हवेचे मोल कळते. गोव्यात पॉल जॉन ही सिंगल माल्ट तयार होते. तिथल्या उष्म्यात वर्षाला सुमारे 8 टक्के द्रव उडतो. त्याच गणिताने 22 वर्षांत पिंपात जेमतेम सहावा हिस्सा उरेल, आणि लाकूड तर त्याच्या कितीतरी आधी चव गिळून बसेल. पाचसहा वर्षांत गोव्याची व्हिस्की चांगली तयार होते, हा उष्णतेचा फायदा. पण कारखाना बंद पडल्यावर चार दशके पिंपे टिकून राहणे ही गोष्ट उष्ण कटिबंधात होण्यासारखी नाही. जपानमध्ये ती झाली. डोंगरातली कारुइझावा डिस्टिलरी 2000 साली थांबली, आणि तिच्या उरलेल्या पिंपांनी पुढे लिलावांत पोर्ट एलनलाही मागे टाकले.

आता चाखण्याविषयी. एवढी दुर्मिळ व्हिस्की सहसा कोणी पेगने पीत नाही. बहुतेक शौकीन पाचदहा जण मिळून बाटली घेतात किंवा 20-30 मिलिलिटरचे नमुने वाटून घेतात. एका वेळी 15 ते 20 मिलिलिटर पुरेसे. ग्लास ट्यूलिपच्या आकाराचा हवा : खाली फुगीर, वर अरुंद, म्हणजे वास तोंडाशी गोळा होतो. ग्लासगोजवळच्या ग्लेनकेअर्न क्रिस्टलने 2001 मध्ये आणलेला ग्लास आज सर्वत्र रूढ आहे. बुटका, रुंद तोंडाचा ग्लास आणि बर्फ ही जोडी गप्पांच्या बैठकीला ठीक, पण बर्फाने वास दबतो आणि इथे तर सगळा खेळ वासाचाच आहे. त्याच कारणाने खोलीत उदबत्ती, अत्तर, फोडणीचा वास नको. जेवणही मसालेदार नको. निदान तासभर आधी तरी नको.

अनेक नमुने असतील तर क्रम हलक्याकडून धुरकटाकडे. रोझबँक, मग ब्रोरा, शेवटी पोर्ट एलन. उलट केले तर फिनॉलने सुन्न झालेल्या नाकाला रोझबँकमध्ये गोड पाण्यापलीकडे काही सापडत नाही. ग्लास भरल्यावर घाई करायची नसते. वयाच्या प्रत्येक वर्षाला एक मिनिट थांबावे असा शौकिनांचा एक गमतीचा नियम आहे. त्याला शास्त्राधार नसला तरी वीसेक मिनिटे थांबलेल्या जुन्या व्हिस्कीत काही वास नव्याने वर येतात हे कोणीही पडताळून पाहू शकतो. मधल्या वेळात ग्लासावर बशी किंवा काचेचे झाकण ठेवावे.

नाक ग्लासात खुपसायचे नाही. पन्नास टक्क्यांपलीकडच्या मद्यार्काने नाक झिणझिणते आणि पुढची पाच मिनिटे वाया जातात. ग्लास हनुवटीपाशी धरून हळूहळू वर आणावा, तोंड किंचित उघडे ठेवून श्वास घ्यावा. 1978-79 ची पोर्ट एलन अशी हुंगली तर पहिल्यांदा सहसा धूर येत नाही, समुद्र येतो : ओली दोरी, मीठ, शिंपले. मग लिंबाची साल. त्यामागून थंड राख आणि डांबर, किंचित औषधी वास, ओली लोकर. आणखी थांबले की कच्च्या बदामाची गोडी. इंग्रजी वर्णनांत मार्झिपान, मार्मलेड, ऑयस्टर असे पदार्थ येतात, ते त्यांच्या स्वयंपाकघरातले. मराठी नाकाला मुरलेल्या लिंबाच्या लोणच्याची खारी फोड, सुक्या बोंबलांचे दुकान, पाणी मारून विझवलेली चूल असे शब्द सुचले तर ते वर्णन चुकीचे ठरत नाही, उलट जास्त नेमके ठरते. कुणाच्या तरी छापील टिपणातले वास आपल्या ग्लासात शोधत बसणे ही मात्र नवख्यांची नेहमीची फसगत.

पहिला घोट अगदी लहान घ्यावा आणि गिळण्याआधी जिभेवर सगळीकडे फिरवावा. त्या घोटाने तोंड मद्यार्काला सरावते. चव कळते ती दुसऱ्या घोटाला. इथे पोत पाहण्यासारखा असतो. ब्रोरा मेणचट, जवळजवळ तेलकट लागते. पोर्ट एलन त्यापेक्षा कोरडी, धारदार, दगडावर दगड घासल्यासारखी, आणि तिचा धूर गिळल्यानंतर परत येतो. चांगल्या पिंपातली असेल तर राख आणि लिंबू दोनतीन मिनिटे घशात रेंगाळतात. रोझबँक चटकन जाते, पण जाताना गवत आणि फुले ठेवून जाते.

मग पाणी. जुन्या, महाग व्हिस्कीत पाणी घालणे हा गुन्हा असल्यासारखे काही जण बोलतात. धंद्यातली माणसे तसे मानत नाहीत. ब्लेंडर तर नमुना जवळपास 20 टक्के मद्यार्कापर्यंत पातळ करून हुंगतात, कारण तेव्हाच दोष आणि गुण सुटे होतात. 2017 मध्ये स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातील ब्योर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी संगणकीय प्रतिरूपांच्या आधारे यामागचे एक कारण मांडले. धुरकट व्हिस्कीच्या वासातला एक मुख्य रेणू ग्वायकॉल. मद्यार्क 45 टक्क्यांपर्यंत असताना तो द्रवाच्या पृष्ठभागाशी राहतो. 59 टक्क्यांच्या वर गेले की इथेनॉलचे रेणू त्याला वेढून आत ओढतात. पाणी घातले की तो पुन्हा वर येतो, नाकाच्या जवळ. पण तीस-चाळीस वर्षांची व्हिस्की आधीच पन्नाशीच्या आसपास किंवा खाली आलेली असते आणि तिची घडी नाजूक असते. ड्रॉपरने दोनतीन थेंब घालून पाहावे, चमच्याने नव्हे. जास्त पाण्याने ती एकदम विरविरीत होते आणि ते परत सुधारता येत नाही.

चाखण्यात सर्वांत मोठा अडथळा बाटलीवरच्या नावाचा असतो. ही डिस्टिलरी बंद आहे, ही बाटली पुन्हा मिळणार नाही, हे माहीत असताना घेतलेला घोट चांगलाच लागतो. त्यावर उपाय जुनाच आहे : नावे झाकून चाखणे. पोर्ट एलनच्या शेजारी त्याच वयाची कूल ईला आणि लागाव्हूलिन ठेवून, ग्लासांवर नुसते आकडे घालून कोणता ग्लास कोणाचा हे ओळखायला सांगितले की मंडळी बरीच सावध बोलू लागतात. दुर्मिळता जिभेला लागत नाही. पोर्ट एलनच्या काही पिंपांतला माल खरोखर असामान्य आहे, काहीतला नुसता बरा, आणि थकलेल्या पिंपात फार काळ राहिलेला काही माल पातळ आणि उदास. बंद पडलेल्या डिस्टिलरीतही चांगले-वाईट दिवस होतेच.

बाटलीची अवस्थाही पाहावी लागते. व्हिस्की बाटलीत वयाने वाढत नाही. 22 वर्षांची व्हिस्की कपाटात वीस वर्षे ठेवली तरी 22 चीच. बिघडू मात्र शकते. वाइनसारखी आडवी ठेवली तर तीव्र मद्यार्क बूच कुरतडतो. उभी, अंधारात, गारव्याला ठेवलेली आणि जिची पातळी बाटलीच्या गळ्यापर्यंत आहे अशीच घ्यावी. अर्ध्याहून जास्त रिकामी झालेली बाटली वर्षानुवर्षे पुरवून पिणे हाही आत्मघातच, कारण आतल्या हवेने आधी लिंबू-फळांचे वरचे सूर जातात आणि नुसती राख उरते.

भाव चढले तसे भामटे आले. 2017 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झच्या एका हॉटेलात 1878 ची मॅकॅलन म्हणून एक पेग सुमारे 10,000 स्विस फ्रँकला विकला गेला. तपासणीत ती 1970 ते 1972 च्या सुमारास गाळलेली निघाली, तीही माल्ट आणि ग्रेन व्हिस्कीचे मिश्रण. अशी तारीख लावता येते ती कार्बन-14 मुळे. 1950 आणि 1960 च्या दशकांत उघड्या हवेत झालेल्या अणुचाचण्यांनी वातावरणातले कार्बन-14 जवळपास दुप्पट केले आणि नंतर ते हळूहळू उतरत गेले. जव ज्या वर्षी शेतात वाढले त्या वर्षाची खूण व्हिस्कीत राहते. 2018 मध्ये स्कॉटलंडमधल्या प्रयोगशाळेत अशा 55 दुर्मिळ बाटल्या तपासल्या, त्यांतल्या 21 बनावट किंवा सांगितल्या वर्षी न गाळलेल्या निघाल्या. या पद्धतीला एक मर्यादा आहे. ती वर्ष सांगते, डिस्टिलरी सांगत नाही. 1979 ची कूल ईला पोर्ट एलन म्हणून विकली तर कार्बन-14 गप्प बसेल. बाटली कुणाकडून कुणाकडे गेली याची कागदोपत्री साखळी म्हणूनच महत्त्वाची. भारतात या भानगडीत पडणारे तसेही थोडे, कारण आयात स्कॉचवर वर्षानुवर्षे 150 टक्के सीमाशुल्क राहिले आणि महाराष्ट्रात त्यावर राज्याचे उत्पादन शुल्क वेगळे. ते 2021 च्या अखेरीस 300 टक्क्यांवरून 150 वर आणले गेले.

भावांनीच शेवटी डिस्टिलऱ्यांची कुलुपे उघडली. ऑक्टोबर 2017 मध्ये डियाजिओने पोर्ट एलन आणि ब्रोरा पुन्हा सुरू करण्यासाठी 3.5 कोटी पौंड जाहीर केले. त्याच महिन्यात रोझबँकही इयन मॅक्लाउड डिस्टिलर्सने घेतल्याची बातमी आली. ब्रोराची इमारत शाबूत होती. तिची मूळची दोन स्टिल दुरुस्तीसाठी आलोआ गावच्या तांबटांकडे नेऊन परत बसवली आणि मे 2021 मध्ये डिस्टिलरी सुरू झाली. रोझबँकला चोरीला गेलेल्या स्टिलच्या जागी जुन्या आराखड्यांवरून नवी घडवावी लागली. तिथले काम 2023 मध्ये सुरू झाले.

पण जुनी चव आराखड्यात पूर्णपणे मावत नाही. ब्रोराच्या शेजारची क्लायनलिशही मेणचट पोतासाठी प्रसिद्ध. तिथे एकदा गाळणीच्या मधल्या टाक्या घासूनपुसून स्वच्छ केल्या आणि व्हिस्कीतले मेण नाहीसे झाले. टाकीच्या भिंतीवर वर्षानुवर्षे साचलेला चिकट थर हाच त्याचा उगम होता. असे थर, जुन्या कामगारांच्या हातच्या सवयी, त्या काळचे यीस्ट आणि जवाचे वाण कोणत्याही नोंदवहीत पुरते उतरत नाहीत.

पोर्ट एलनपाशी तर जुन्यातले राहिले होते फार थोडे : समुद्राकाठची गोदामे आणि भट्टीच्या छपराचे टोकदार मनोरे. मार्च 2024 मध्ये ती जवळजवळ नव्यानेच उभी राहून सुरू झाली. तिथे स्टिलच्या दोन जोड्या आहेत. एक जुन्या आराखड्यांवरून हुबेहूब केलेली, दुसरी लहान, प्रयोगांसाठी. गाळलेला मद्यार्क जिथून वाहताना दिसतो ती काचेची कुलूपबंद पेटी इतर डिस्टिलऱ्यांत दोनतीन भागांची असते. इथे ती दहा भागांची आहे. गाळणीचा मधला भाग अनेक बारीक तुकड्यांत अलग काढायचा आणि कोणत्या क्षणी लिंबू येते, कोणत्या क्षणी डांबर, हे वेगवेगळ्या पिंपांत भरून पाहायचे, असा त्यामागचा बेत. या मद्यार्काला स्कॉच व्हिस्की म्हणवून घ्यायला ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे काढावी लागतात, म्हणजे 2027 उजाडेल. 2001 च्या पहिल्या आवृत्तीशी बरोबरीच्या वयाने तुलना करायची तर 2046 पर्यंत थांबावे लागेल, आणि तोवर त्या 6,000 बाटल्यांपैकी एखादी कोणीतरी न फोडता ठेवलेली असावी लागेल.